डोळ्याएवढं पोट

राखीनं माझ्या चौकटीवर खडूनं तारीख टाकली, खाली सही ठोकली आणि सहीखाली शून्य काढलं. आत पाऊल टाकलं नाय. गच्चीवर तर गेलीच नाय. "तुमच्या घरी काय बघायचं काका," म्हणली, "रांजणात बॅटरी कशी मारायची ते तुम्हीच शिकवलं आम्हाला." मी हसलो असेन. तोंड हललं एवढं ध्यानात हाय. ते शून्य लय नीट आलं होतं, एका दमात काढलेलं, आणि मी त्याच्याकडं बघत उभा राहिलो. एकतीस वर्षं मी महापालिकेच्या मलेरिया खात्यात होतो. काम एकच, लोकांच्या घरात जायचं आणि साठलेलं पाणी बघायचं. रांजण, टाकी, कूलर, फ्रीजच्या मागची ताटली, कुंडीखालची बशी. डासाची अळी जितक्या भांड्यांत दिसली तितका आकडा चौकटीवर, नसली की शून्य. अशी हजारो शून्यं काढली मी नाशकात, सातपूरपासून पंचवटीपर्यंत. पण न बघता एक काढलं नाय. आणि आज माझ्याच दारावर न बघता काढलेलं शून्य होतं, आणि वर गच्चीत, टाकीच्या मागं, निळ्या बादलीत चारेकशे अळ्या वळवळत होत्या. चुकून झालेल्या नाय. पाळलेल्या.

"चहा घे," मी म्हणलं.

"नको काका. खाली केस निघालीय ना डेंग्यूची. आजूबाजूची पन्नास घरं करायचीत." चपला वाजवत ती जिना उतरली.

खालची केस म्हणजे प्रफुल्ल. तळमजल्यावर राहतो, एका कंपनीत मशीन चालवतो, तीन पाळ्या. चार दिवस झाले दवाखान्यात हाय. त्याच्या बायकोनं, सरितानं, काल जिन्यात सांगितलं, "काका, बावीस हजारावर आल्यात पेशी." मला वाटलं, आता आपल्या छातीत काहीतरी होणार. मी थांबलो, होऊ दिलं. काहीच झालं नाय. सरिताच्या हातात पिशवी होती, पिशवीतून कोथिंबिरीची काडी बाहेर आलेली, तेवढीच दिसत राहिली. असं गेल्या वर्षापासून चाललंय. दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण आपला नसतो, तसं आख्खं अंगच. चौदा महिन्यांपूर्वी भिमाबाई, माझी मंडळी, भाजी निवडता निवडता कलंडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिसरा मजला, लिफ्ट नाय. ॲम्ब्युलन्सवाले म्हणले, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवू. प्रफुल्ल नुकता रातपाळी करून आला होता, बनियनवर. "खुर्चीत नको," म्हणला, "काकूंची मान पडतीय." आणि तिला लेकरासारखी दोन्ही हातांवर घेऊन तीन मजले उतरला. वळणावर तिचं डोकं भिंतीला लागू नये म्हणून स्वतःचं कोपर घासत उतरला. भिंतीवर ते खरचटलेलं अजून दिसतं. मी मागून तिची एक चप्पल घेऊन उतरत होतो. दुसरी कुठं होती कोणाला ठाऊक.

माशांची टाकी त्यानंतर आली. व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या, त्या म्हणल्या, काकूंच्या समोर काहीतरी हलतं ठेवा. टीव्ही लावला तर ती भिंतीकडं बघायची. आमचा मनोज इगतपुरीला रेल्वेत हाय, तो एका रविवारी दोन फुटाची काचेची टाकी घेऊन आला, बसवली, दिवा लावला, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. आठ निऑन, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान, अंगावर निळी रेघ, दिवा लावल्यासारखी. सहा गप्पी, दोन काळ्या मोली. गप्पी बघून मला हसू आलं. नोकरीत डब्याडब्यानं गप्पी मी विहिरीत सोडलेत, अळ्या खायला. त्यांना कधी कोणी जेवण घातलं नाय. इथं मात्र दुकानदार दत्तू, त्यानं मला अर्धा तास जेवणच शिकवलं. "बाबा, रोज एकच दाणा टाकू नका. मासा खाईल, मरणार पण नाय. पण रंग उतरतो, आळशी होतो, एका कोपऱ्यात उभा राहतो. तुम्हाला रोज खिचडी घातली तर?" मी म्हणलं, रोज खिचडीच खातो. तो म्हणला, "म्हणून तर असे दिसता." मग त्यानं बोटांवर वार मोजून दिले. सोमवारी सुका दाणा, तोही चिमटीत चुरून, कारण तोंडं बारीक. मंगळवारी उकडलेला मटार, साल काढून. बुधवारी पालकाचं पान, गरम पाण्यातून काढलेलं. एक दिवस अंड्याचा पिवळा बलक, टाचणीच्या डोक्याएवढा, नायतर पाणी नासतं. एक दिवस उपास. आणि आठवड्यातून दोनदा जिवंत खाणं. "आणि लक्षात ठेवा," म्हणला, "माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं. त्याच्यावर एक कण नाय." मी रोज टाकीला नाक लावून त्यांचे डोळे बघायचो. निऑनचा डोळा म्हणजे राजगिऱ्याचा दाणा. तेवढं पोट. तेवढ्यात त्याचं सगळं भागतं.

भिमाबाईचं भागत नव्हतं. ती तोंडच उघडायची नाय. मऊ भात, नागलीची पेज, मनोजनं आणलेली पावडर, काहीही घेऊन बसा, ओठ मिटलेले. डॉक्टर म्हणले, गिळता येतंय त्यांना, नळीची गरज नाय, पण इच्छा नाय. इच्छेला औषध नसतं. मी चमचा ओठाला लावून अर्धा अर्धा तास बसायचो. पेज हनुवटीवरून वघळून गळ्यात जायची, मी पुसायचो, परत लावायचो. ती माझ्याकडं अशी बघायची जशी लोक आम्हाला दार उघडून बघायचे. आता हे कोण आलं, आणि काय तपासायचंय. आमच्याकडं सुरगाण्याच्या बाजूला पेज जेवल्याशिवाय कोणी रानात जात नाय. हीच बाई मला बाविसाव्या वर्षी पेजेचा गडू हातात देऊन म्हणली होती, संपव, मग जा द्राक्षाच्या कामाला. मी अर्धा ठेवला तर दारात आडवी उभी राहिली. तीच आता ओठ मिटून.

मग एक दिवस जिवंत खाण्याचा वार होता आणि दत्तूच्या दुकानातलं संपलं होतं. गच्चीत कोणीतरी टाकून दिलेली कुंडी होती, पाणी साठलेलं. सवयीनं वाकून बघितलं, तर अळ्या. हात ओतायला पुढं झाला. एकतीस वर्षांचा हात. पण नाय ओतलं. चहाच्या गाळणीनं गाळल्या, नळाखाली धुतल्या, खाली आणल्या आणि औषधाच्या ड्रॉपरनं टाकीत सोडल्या. तुम्ही बघितलं नसेल ते. एरवी ते मासे म्हणजे देवळातल्या रांगेत उभे असल्यासारखे. अळी पाण्यात वळवळली आणि सगळी टाकी पेटली. निऑन वीज मारल्यासारखे सुटले, गप्पीनं अळीला शेपटीकडून धरलं, डोक्याकडून दुसऱ्यानं, ओढाओढ. मी भाताचा चमचा भिमाबाईच्या ओठाशी धरून बघतच राहिलो होतो. आणि चमच्याला काहीतरी लागलं. भिमाबाईचे दात. तिनं तोंड उघडलं होतं. मी चमचा कलता केला, तिनं गिळलं. एक अळी, एक चमचा. त्या दिवशी वाटीभर भात गेला तिच्या पोटात, दोन महिन्यांनी पहिल्यांदा. सुका दाणा टाकला तर नाय. मटार टाकला तर नाय. मी सगळं करून बघितलं. मासे जिवंत खायला लागले की हिचं तोंड उघडतं, हे मला पक्कं कळलं.

मग रोजच्यासाठी बादली ठेवली. मला कोणी शिकवायची गरज नव्हती. सावली पाहिजे, बाहेरून गडद रंग पाहिजे, पाणी हलता कामा नये. लोकांना नको म्हणून जे जे सांगत फिरलो ते ते केलं. डास पाण्याच्या काठाला अंडी घालतो, अळी होते, अळीचा कोष होतो, आठव्या-नवव्या दिवशी कोष फोडून डास उडतो. म्हणून आम्ही लोकांना आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगायचो. मी सहाव्या दिवशी बादली गाळून काढायचो. एक कोष ठेवायचो नाय. हिशेब चोख होता. भादव्यात भिमाबाईच्या छातीत कफ झाला, पाच दिवस तिला दवाखान्यात ठेवलं. परत आलो त्या दिवशी गच्चीवर गेलो. बादली अकरा दिवसांची झाली होती. पाण्यावर कोषांच्या टरफलांचा थर, पांढुरका, भाताच्या पेजेवर साय धरते तसा. रिकामी टरफलं. आतलं उडून गेलेलं. मी काही वेळ बोटानं ती बाजूला सारली. मग बादली धुतली आणि परत भरली. खाली आलो, हात धुतले, तिला भरवलं. बरोबर तीन आठवड्यांनी प्रफुल्लला ताप आला.

आता तुम्ही म्हणाल, समोर बिल्डिंगचं काम चालूय, तळघरात गुडघाभर पाणी हाय, डास तिथला असेल. मीसुद्धा म्हणलं. मग आठवलं, हे वाक्य मी किती दारांत ऐकलंय. आमच्याकडचा नाय हो साहेब, समोरच्यांकडचा. मी त्यांना एकच म्हणायचो, समोर बघायला मी समोर जाणारच हाय, आधी तुमचं झाकण उघडा. दिवस जुळतात. डास कुठला ते कोणीच सांगू शकत नाय, पण दिवस जुळतात. आणि हे सगळं ठाऊक असून मी काल परत एक चमचा, एक अळी केलं. प्रफुल्ल बावीस हजारावर असताना. तिची वाटी संपली, मी चमचा धुऊन ठेवला. तेच बघत होतो मी त्या खडूच्या शून्यात. की आता तरी काही होतंय का.

खालून सरिताच्या दारातून राखीचा आवाज आला, "वहिनी, फ्रीज जरा पुढं ओढू का?" मी जिना उतरलो. का उतरलो ते विचारू नका. पाय उतरले. सरिता ओट्यापाशी दवाखान्याचा डबा भरत होती. राखी जमिनीवर पालथी पडून फ्रीजच्या मागं बॅटरी मारत होती.

"राखी," मी म्हणलं, "वर चल. ते शून्य पुसायचंय."

ती तशीच पडल्या पडल्या म्हणली, "का, सही वाकडी आली का? तुम्हाला काय, रिटायर झाले तरी चुका काढता."

"गच्चीत बादली हाय माझी. अळ्या हायेत. पाळल्यात मी. माशांसाठी."

राखी उठून बसली. तिच्या कपाळाला जाळं लागलं होतं. सरिताच्या हातात डब्याचं झाकण होतं, ते तिनं लावलं, फिरवलं, परत उघडलं. बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

"किती दिवस?" सरिता म्हणली.

"वर्ष होईल. मध्ये एकदा गाळायची राहिली. भादव्यात. उडाले."

"ह्याच भादव्यात."

"हां."

ती माझ्याकडं बघत नव्हती, डब्याकडं बघत होती. "ते रातपाळीवरून येऊन दिवसा झोपायचे," म्हणली. "दिवसाच चावतो ना तो?"

"दिवसाच."

मग तिनं झाकण लावलं. ओट्यावर एक छोटा स्टीलचा डबा बाजूला ठेवलेला होता, त्याच्याकडं मान केली. "काकूंचा मऊ भात काढून ठेवलाय. सकाळीच काढला होता. घेऊन जा." आवाज नेहमीचाच होता. चौदा महिने ती आठवड्यातून दोन-तीनदा तो डबा देते. शिवी दिली असती तर मला ठाऊक होतं काय करायचं, मान खाली घालायची. डबा दिल्यावर काय करायचं ते ठाऊक नव्हतं. मी उचलला. गरम होता. बोटांना गरम लागलं, एवढं मात्र लागलं.

गच्चीत राखीनं बादलीत बॅटरी मारली. उजेड पडला तशा सगळ्या अळ्या तळाला गेल्या. राखी वाकली. नव्यानं लागली तेव्हा अळी बघून तिला ओकारी आली होती, मी तिला म्हणलं होतं, पोरी, यांच्यावर तुझी भाकर हाय, नीट बघ. आता ती नीट बघत होती.

"काका, लोकांना नोटिसा आपण देतो," म्हणली शेवटी.

"दे मला."

"काय दे. काय लिहू त्याच्यावर, झुंबरकाकांनी डास पाळले?" तिनं बॅटरी बंद केली. "का पण? माशांना दाणे मिळत नाहीत का बाजारात?"

"चल, दाखवतो," मी म्हणलं. आणि तिच्या देखत एक ड्रॉपर भरून घेतला. तिनं घेऊ दिला. मग बादली मी कलती केली. स्लॅब ऑक्टोबरच्या उन्हानं तापला होता. पाणी पसरलं, पातळ झालं, अळ्या काही वेळ काळ्या स्वल्पविरामासारख्या उड्या मारत राहिल्या, मग एकेक चिकटली. लोकांना दाखवायला मी हे करायचो. नाल्यात ओतू नका, जमिनीवर ओता, बघा कशी वाळतात. बायका पदर नाकाला लावून बघायच्या. आता मी आणि राखी बघत होतो. सगळं वाळेपर्यंत कोणी हललं नाय.

खाली आलो. भिमाबाई खुर्चीत होती, उशा लावलेली, टाकी समोर. राखी तिच्या पायाला हात लावून बाजूला उभी राहिली. मी सरिताचा डबा उघडला, भात चमच्यात घेतला, डाव्या हातानं ड्रॉपर दाबला. टाकी पेटली. निऑन सुटले. मोलीनं एक अळी तोंडात धरली, सोडली, परत धरली. चमच्याला दात लागले. "बघ," मी राखीला म्हणलं, "आता पुढची." पुढची सोडली. परत तोंड उघडलं. तिसरी, चौथी. मला वाटलं होतं, राखीच्या डोळ्यांत पाणी येईल, ती म्हणेल, बरोबर हाय काका. ती कपाळाला आठ्या घालून बघत होती. कधी हिच्याकडं, कधी माझ्याकडं, बादलीत बघावं तसं.

"काका," म्हणली, "काकू माशांकडं बघतच नाहीयेत."

"मग?"

"तुमच्याकडं बघतायत. तो मासा अळीवर झेप घेतो ना, तेव्हा तुम्ही आ करता. एवढा मोठा. तुम्ही आ केला की त्या आ करतात." मी चमचा डब्यात ठेवला. ती म्हणली, "माझी लेक तशीच खाते. मी आ केल्याशिवाय घास घेत नाही. घरातले हसतात मला."

ती गेली. जाताना शून्य पुसून एक लिहिला. तोही नीट काढला, उभा, एका दमात. दाराच्या फटीतून खडू घासल्याचा आवाज आला.

मी बसून राहिलो. मनोज लहान असताना पाथर्डी फाट्याच्या खोलीत भिमाबाई त्याला भरवायची आणि तिचंच तोंड आधी उघडायचं. मी चेष्टा करायचो, तुला कोण भरवतंय, तू का आ करतीस. ती म्हणायची, मी कुठं करते. तिला ठाऊकच नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं. सुका दाणा टाकताना मासे गुमान खातात, मी गुमान बघतो, तोंड मिटलेलं. मी मिटलेलं म्हणून तिचं मिटलेलं. माझ्या तोंडात होतं ते मी वर्षभर बादलीत पाळलं. आणि त्याच्यासाठी एक माणूस दवाखान्यात पालथ्या हातात सुई घेऊन पडलाय. हे सगळं मी एकापुढं एक मांडलं, चौकटीवर आकडे मांडावे तसं. जमलं सगळं. वाटलं मात्र काही नाय.

दिवेलागणीला जिन्यात पावलं वाजली. मी दार उघडलं. सरिता तिसऱ्या मजल्यापर्यंत कधी चढत नाय, तिचे गुडघे दुखतात. ती दोन पायऱ्या खालीच थांबली. "तीस," म्हणली.

"चढतायत," मी म्हणलं.

"डॉक्टर म्हणले, उद्या परत बघू." तिची नजर चौकटीवर गेली, त्या एकावर. भिंतीवर जिथं प्रफुल्लचं कोपर घासलं होतं तिथं हात टेकून ती वळली आणि उतरली. डबा मागितला नाय. मी घासून ठेवला होता, तो माझ्या हातातच राहिला.

सोमवार होता. सोमवारी सुका दाणा. चिमटीत चुरला, पाण्यावर टाकला. मासे आले, निवांत, रांगेत. मी खुर्ची भिमाबाईच्या समोर ओढली, टाकीकडं पाठ केली. चमच्यात पेज घेतली आणि आ केला. स्वतःला दिसत नाय आपला आ. जबडा दुखायला लागला तरी तसाच बसलो. ती बघत होती. ओठ मिटलेले. तिला कळलं असेल, हा बघून करतोय. दार उघडून उभ्या असलेल्या माणसाकडं बघावं तशी बघत होती, काय तपासायचंय. मी तोंड मिटलं. परत उघडलं. पेज गार झाली. तिच्या मागच्या कपाटाला आरसा हाय, त्यात टाकी दिसत होती, उलटी. एक निऑन, सगळ्यात बारका, मागं राहिलेला, दाण्याचा एक कण तोंडात घेत होता आणि थुंकत होता. मोठा होता त्याला तो कण. घ्यायचा, थुंकायचा, कण खाली जायचा, हा मागं जायचा, परत घ्यायचा. दुसरे येऊन गेले, ह्यानं सोडला नाय. डोळ्याएवढं पोट, आणि त्याच्या आधी एवढंसं तोंड. अजून एकदा घेतला. आता जाईल, मी मनात म्हणलं, आता जाईल, अर्धा आत गेलाय, घे रे.

चमचा हातात हलका झाला.

मी खाली बघितलं नाय. आरशातच बघत राहिलो, तोंड उघडं ठेवून, आणि दुसरा चमचा अंदाजानं भरला.